अर्धं पाऊल उशिरा

१२ मे

चिंगे,

पाकीट दुकानाच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नकोस. घरी पाठवलं असतं तर आधी तुझ्या नवऱ्याच्या हातात पडलं असतं, आणि विषय त्याचाच आहे. फोनवर हे मला जमत नाही. तोंडाने सांगायला लागलो की मी एकतर ओरडतो, नाहीतर गप्प बसतो, असं तुझ्या वहिनीचं म्हणणं आहे. बोर्डिंगातून तुला पत्रं लिहायचो तेव्हा बरा बोलायचो म्हणे.

हंगाम कसा संपला ते तू पाहिलंसच. बचाव उत्तम, गोलरक्षक उत्तम, आणि पुढे सगळा आनंदीआनंद. आमच्यापेक्षा कमी गोल फक्त एका संघाने केले आणि तो खालच्या गटात गेला. परवा क्लबच्या मालकीणबाईंनी बोलावलं. बाई रंगांचा कारखाना चालवतात, घोळ त्यांना खपत नाही. म्हणाल्या, "कोच, जुलैअखेर खेळाडू बदलायची मुदत संपते. तोवर मला नवी आघाडी दाखवा. नाहीतर ऑगस्टात मी तुम्हाला नवा कोच दाखवते." चहासुद्धा विचारला नाही.

आघाडीत मोठा बदल एकच परवडेल, हेही सांगितलं. म्हणजे दोनच रस्ते. तोफेचा करार संपतोय, तो वाढवायचा नाही आणि नवा सेंटर फॉरवर्ड आणायचा. किंवा तोफ ठेवायची आणि डाव्या कडेने खेळणाऱ्या भिंगरीला सोडून तिथे दुसरा आणायचा. अख्खं स्टेडियम ज्याला तोफ म्हणून हाका मारतं तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा नसता, तर एव्हाना ठरवून मोकळा झालो असतो.

सध्या रोज सामन्यांच्या चित्रफिती बघतो आणि वहिनीच्या डब्यातली बटणं टेबलावर मांडतो. लाल बटण तोफ, हिरवं भिंगरी. हिरवं डावीकडून चेंडू आत टाकतं आणि लाल तिथे अर्धं पाऊल उशिरा पोचतं. दर वेळी. दोष कुणाचा, हे बटणं सांगत नाहीत. टाकणारा चुकतो की पोचणारा?

आणि एक गोष्ट मनाला लागली आहे. निरोपाच्या जेवणाला मी तोफेजवळ गेलो, हात पुढे केला, आणि तो माझ्यासमोरून सरळ निघून गेला. सहायकाने पाहिलं, दोन खेळाडूंनी पाहिलं. माझं काय चुकलं? तो माझ्यावर रागावलाय का? गुडघा दुखतोय का? त्याला इथे राहायचंय की नाही? तू सरळ सांग. तुझ्यावाचून विचारायला कुणी नाही.

दादा


१९ मे

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा एक आजोबा तिसऱ्यांदा चष्म्याची फ्रेम बदलत होते. पाकिटावरचं अक्षर बघून म्हणाले, "डॉक्टरचं दिसतंय." तुझं अक्षर अजून सुधारलेलं नाही, हे नोंदवून ठेव.

गुडघा ठणठणीत आहे. रोज सकाळी गच्चीवर दोरीच्या उड्या मारतो आणि खालच्या मजल्यावरच्या बाई रोज तक्रार घेऊन येतात. तुझ्यावर राग वगैरे काही नाही. तू त्याला दिसला नसशील, एवढंच. मनात धरून बसू नकोस. तुझं मन म्हणजे बंद न होणारा नळ आहे, हे मला माहीत आहे.

आता मुद्द्याचं. त्याला सोड. करार वाढवू नकोस. माझा विचार करू नकोस, लोक काय म्हणतील याचा तर मुळीच नको. तेहतीस वर्षांचा झाला तो. नवा सेंटर फॉरवर्ड आण आणि तुझी आघाडी सुधार. मी रुसणार नाही, उलट तुझे उपकार मानेन. का, ते विचारू नकोस.

आणि हे मी लिहिलंय हे त्याला कधीही कळता कामा नये. तुला माझी शपथ आहे.

चिंगी


२८ मे

चिंगे,

तुझं पत्र मी वाचलं, मग वहिनीने वाचलं, मग आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी एकमेकांकडे बघत बसलो. नवऱ्याची नोकरी घालव असं भावाला कळवणारी बायको आम्ही दोघांनीही पाहिलेली नाही. वहिनी म्हणाली, "घरात काहीतरी बिनसलंय." मी म्हटलं, तसं नसणार. मला माझी बहीण माहीत आहे. लहानपणी शेवटचा घास माझ्या ताटात ढकलायचीस आणि भूक नाही म्हणायचीस. आताही तेच चाललंय. मी नात्याच्या कात्रीत सापडू नये म्हणून तू स्वतःचं घर पणाला लावतेस. उपकार मानेन म्हणे! मी काय इतका गेलेला आहे?

तर ऐक. तोफ राहणार. आणि हे केवळ तुझ्यासाठी नाही, त्यामागे फुटबॉलही आहे. बटणं मांडून मांडून एक गोष्ट दिसली. आमची डावी कड तुंबते. भिंगरी चेंडू घेऊन येतो, थांबतो, वळतो, पुन्हा वळतो, आणि तो आत टाकेपर्यंत समोरचा बचाव झोप काढून उठलेला असतो. त्याच्या वळण्यावर लोक टाळ्या पिटतात म्हणून आम्हीही कौतुक केलं. सहायकाचं म्हणणं, तोफ उशिरा पोचत नाही, भिंगरीच चुकीच्या वेळी टाकतो. मला पटतंय. मालकीणबाईंच्या नजरेत डाव्या कडेचा एक खेळाडू आहे, वेगवान, पहिल्याच स्पर्शात पास देणारा.

भिंगरीबद्दल वाईट वाटतं. सरावाला सगळ्यात आधी येणारा माणूस आहे तो. पण आता मला कुणाचं तरी वाईट वाटून घ्यावंच लागणार.

मैदानावर नवं गवत पेरलंय. दोरी लावून ठेवली आहे, आत कुणी जायचं नाही. मीही बाहेरूनच फेऱ्या मारतो.

दादा


६ जून

दादा,

भिंगरीला का? त्याचं काय चुकलं?

त्याची बायको माझ्या दुकानात येते. त्याच्या वडिलांचा चष्मा मीच करते. त्यांना धड चालता येत नाही, दोघं त्यांना दोन्ही बाजूंनी धरून आणतात. गेल्या खेपेला ती सांगत होती, हा घरी येऊन जेवतसुद्धा नाही, म्हणतो माझा पास कुठे चुकतोय ते मला कळत नाही. ऐकून माझ्या हातातली काच सुटली. तिला वाटलं घाम आलाय हाताला.

तू म्हणतोस तसा त्याग-बिग मी करत नाही. मी एवढी थोर नाही. तू माझं पत्र पुन्हा वाच आणि त्यात जे लिहिलंय तेच वाच, पदरचं घालू नकोस. आणि तुझी ती बटणं पुन्हा मांड. हिरवं थांबतं, ते का थांबतं? ते थांबायच्या आधी लाल कुठे असतं? भिंगरीने जायचं त्या जागेवर आधीच कोण जाऊन उभं असतं? माझ्यापेक्षा फुटबॉल तुला जास्त कळतो, मग हे मी कशाला सांगायला हवं?

भिंगरीचा दोष नाही. हे मी छातीठोकपणे सांगते. कसं माहीत, ते सांगता येत नाही. मी शब्द दिलाय. तू दुसऱ्या कुणाच्याही नादी लागून त्याला काढू नकोस. आणि ज्याचा करार संपतोय त्याचा संपू दे. दादा, हात जोडते.

चिंगी


१४ जून

चिंगे,

"मी शब्द दिलाय!" तीन शब्दांत तू सगळं सांगून टाकलंस. दुसऱ्या क्लबने जावईबापूंना गळ टाकलाय, आणि ते तू सांगायचं नाही असं ठरलंय. म्हणून तो मला हात न देता गेला. म्हणून तुला करार संपायला हवा आहे. अगं, मग सरळ सांगायचं! या दिवसांत हे चालायचंच. मीही चार जणांना असेच गळ टाकून बसलोय.

पण हातची तोफ मी दुसऱ्याच्या किल्ल्यावर जाऊ देणार नाही. मालकीणबाईंकडे गेलो आणि एकाऐवजी दोन वर्षांचा करार मागितला. भिंगरीला सोडलं की ते पैशांत बसतं. बाईंनी विचारलं, "खात्री आहे?" म्हटलं, घरचा माणूस आहे, नखशिखांत ओळखतो.

काल त्याला बोलावून बातमी दिली. चिंगे, तू त्याचा चेहरा बघायला हवा होतास. आधी विश्वास बसेना, मग मला मिठीच मारली. सबंध वेळ मान वळवून वळवून माझ्याकडे बघत होता, जसा काही मी पळून जाणार आहे. दुसऱ्या क्लबचं मी चकार शब्दाने काढलं नाही, तुझा शब्द राखला.

भिंगरीही येऊन गेला. कुणकुण लागलीच असणार. खुर्ची पुढे केली तर बसला नाही. म्हणाला, "सर, मी काय सुधारू ते सांगा. एक गोष्ट सांगा." मी म्हटलं, "पास लवकर टाक." तो म्हणाला, "लवकर टाकला तर तिथे कुणी नसतं, सर." मी म्हटलं, "म्हणजे तुझा अंदाज चुकतो." मान हलवून गेला. मी खिडकीतून गवताकडे बघत बसलो.

त्याला सोडण्याच्या कागदांवर २५ तारखेला सही करायची आहे. तू आता संघाची काळजी सोड. तू चष्मे बघ, आघाडी मी बघतो.

दादा


२२ जून

दादा,

मी शब्द मोडते आहे. बसून वाच.

तो दोन वर्षांचा करार घेऊन घरी आला आणि मला उचलून गरगर फिरवलं. मी हसले. कुठल्याही क्लबने गळ टाकलेला नाही. त्याला डावीकडचं दिसत नाही.

गेल्या हंगामाच्या सुरुवातीला तो सारखा दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायचा. मला वाटलं धसमुसळेपणा. मग एकदा मी डावीकडून पाण्याचा पेला पुढे केला आणि त्याने कोपराने तो उडवला. पेला तिथे आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याच दिवशी त्याला दुकानात नेलं आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत मशीनसमोर बसवलं. आत एकेक ठिपका उजळतो, दिसला की बटण दाबायचं. मी शेजारी उभी राहून पडद्यावर ठिपके बघत होते आणि बटणाचा आवाज ऐकत होते. उजवा डोळा छान झाला. डाव्याच्या वेळी डावीकडे ठिपके उजळत गेले, उजळत गेले, आणि आवाज येईना. तो आतून म्हणाला, "मशीन बंद पडलं का गं?" दादा, मी हो म्हणाले.

मोठ्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन हंगामांपूर्वी सामन्यात डोळ्यावर कोपर बसलं होतं ना, त्यातून आलेला. गेलं ते परत येत नाही. उरलंय ते औषधाने टिकेल, पण आणखी एक फटका बसला तर तेही जाईल, म्हणून खेळ थांबवा, असं स्पष्ट सांगितलं त्यांनी. समोरचं त्याला लख्ख दिसतं. म्हणून तुमच्या क्लबच्या तपासणीत भिंतीवरची अक्षरं धडाधड वाचतो आणि पास होतो.

तो माझ्यासमोर रडला. म्हणाला, "एवढा एक हंगाम. करार संपला की आपणहून थांबतो. कुणाला सांगायचं नाही, दादांना तर नाहीच." मी शब्द दिला. माझ्या त्या खोलीत जे कळतं ते मी बाहेर बोलत नाही, तो माझा धंद्याचा नियम आहे, आणि हा तर माझा नवरा. म्हणून तुला लिहीत राहिले, सोड त्याला, सोड. म्हटलं तू सोडशील आणि मला बोलावं लागणार नाही. तू धरून ठेवलंस. आता तो थांबायचं नाव काढत नाही. म्हणतो, "दोन वर्षं, चिंगे! देवाने दिली." देवाने नाही, तू दिलीस.

हात पुढे केलास तेव्हा तू त्याच्या डावीकडे होतास. भिंगरीही त्याच्या डावीकडूनच चेंडू टाकतो. चेंडू दिसायला तो अख्खी मान वळवतो, त्यात तुझं ते अर्धं पाऊल जातं.

भिंगरीच्या कागदांवर सही करू नकोस.

चिंगी


२७ जून

चिंगे,

तुझं पत्र २६ ला पोचलं. सही २५ ला झाली.

वाचलं. आधी तुझा राग आला, मग त्याचा, मग माझा. वर्षभर समोर असलेला माणूस मला दिसला नाही, आणि मी म्हणे नखशिखांत ओळखतो.

पण नंतर बटणं मांडली, आणि चिंगे, मार्ग आहे. नीट वाच. त्याला मधून काढायचं आणि डाव्या कडेला ठेवायचं, भिंगरीच्या जागी. तिथे त्याच्या डावीकडे काय असतं? पांढरी रेघ. बाकी सगळं मैदान, सगळे खेळाडू, गोल, सगळं त्याच्या उजवीकडे. त्याची डावी बाजू लागतेच कशाला? मध्ये राखीव संघातल्या उंच्याला घ्यायचं. डाव्या कडेच्या खेळाडूचे वाचलेले पैसे मधल्या फळीत वापरायचे. माझ्या सबंध नोकरीत इतकी सरळ मांडणी मला सुचलेली नाही.

हिवाळ्याच्या सुट्टीपर्यंत, बस्स. मग त्याला काहीतरी दुखापतीचं निमित्त करून मानाने थांबवू. तोवर हे आपल्या तिघांत राहील. आता उघड केलं तर करार रद्द, त्याची अब्रू जाणार, माझी नोकरी जाणार, आणि भिंगरीचं जे झालं ते झालंच. कुणाचं भलं होणार आहे? एवढे दिवस तू गप्प होतीस, आणखी थोडे राहा. तो सांभाळून खेळेल, मी त्याला हेडिंग करू देणार नाही.

लगेच उत्तर दे.

दादा


२ जुलै

दादा,

तुझं पत्र वाचून दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बसून राहिले. इतकी मी तुझ्यावर कधी चिडलेली नाही.

तुझी ती सरळ मांडणी त्याने केव्हाच करून पाहिली आहे. वर्षभर दुसरं काय करत होता तो? सगळं मैदान उजवीकडे राहावं म्हणून मधून सरकत सरकत डाव्या रेघेला जाऊन चिकटत होता. म्हणून भिंगरीची वाट बंद व्हायची. म्हणून तो थांबायचा, वळायचा. तुझी डावी कड भिंगरीने तुंबवली नाही, तुझ्या मेहुण्याने तुंबवली. मी तुला म्हटलं होतं बटणं मांड. तू मांडलीस ती तुझी नोकरी वाचवायला.

आणि हेडिंग करू देणार नाहीस? कोपर तुला विचारून येणार आहे का?

मी तुला सांगितलं ते तू थांबवावंस म्हणून. आणखी एक लपवणारा हवा होता म्हणून नाही. एकटीने लपवताना माझी काय दशा झाली ते मला ठाऊक आहे. तुझी दया येत नाही मला, वाईट वाटतं.

काल त्याला सांगितलं. सकाळी चहाच्या वेळी. मी म्हटलं, दादाला सगळं कळलंय, मी कळवलं. त्याने कप खाली ठेवला. "दादांना?" एवढंच विचारलं. मी तुझी सगळी पत्रं त्याच्यासमोर ठेवली, हे शेवटचंसुद्धा, आणि माझ्या पत्रांच्या ठेवलेल्या नकलाही. ती सगळी वाचली त्याने, टेबलाशी बसून, कागद उजवीकडे सरकवत सरकवत. मग चपला घालून बाहेर पडला. संध्याकाळी आला, जेवला, झोपला. माझ्याशी शब्द नाही. आजही नाही. घरात आम्ही दोघं एकमेकांच्या अंगावरून वारा गेल्यासारखे फिरतो आहोत.

पुढे काय करायचं ते आता तुम्ही दोघं बघा. मी पुन्हा गप्प बसणार नाही, एवढं पक्कं समज.

चिंगी


१२ जुलै

चिंगे,

तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतो.

गुरुवारी तो ऑफिसात आला. एकटा नाही, भिंगरीला घेऊन. मी बसा म्हटलं, कुणी बसलं नाही. तोफ म्हणाला, "दादा, आधी याला सांगितलं. मग तुमच्याकडे आलो."

भिंगरी माझ्याकडे बघतच नव्हता. त्याच्याकडे बघत होता. म्हणाला, "म्हणजे माझे पास बरोबर होते?"

"बरोबर होते. मला दिसत नव्हते."

"सगळे?"

"सगळे नाही रे. एवढाही तू ग्रेट नाहीस," तोफ म्हणाला, आणि भिंगरी, भला माणूस, हसला. मग त्याचं हसू गेलं. "सर म्हणाले पास लवकर टाक, तर मी रोज घरामागच्या भिंतीवर चेंडू मारत होतो. बायको म्हणायची, आता भिंत पडेल. वाटायचं, माझ्यातच काहीतरी संपलंय." मी त्याला म्हटलं, परत ये, मी मालकीणबाईंच्या पाया पडतो. तो म्हणाला, "कालच सही झाली सर, दुसरीकडे. तिथला कोच म्हणाला, डावी कड तुझी, कुणी आड येणार नाही." त्याने माझ्याशी हात मिळवला आणि गेला. मला वाटतं, शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मग मी आणि तोफ, दोघं बाईंकडे गेलो. तिथे तोच बोलला, उभा राहून, काही न लपवता. बाईंनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "भिंगरीला कोणत्या कारणासाठी सोडलं?" मी म्हटलं, चुकीच्या. "आणि तुम्हाला हे कळलं कधी?" मी तारीख सांगितली. मधले दिवस त्यांनी मनातल्या मनात मोजले असावेत. करार रद्द झाला. डोळ्याचा औषधोपचार क्लब करणार, खेळताना लागलं होतं म्हणून. मला पहिले सहा सामने दिलेत. जाताना म्हणाल्या, "कोच, संघ घरातून चालवू नका."

आता माझ्याकडे सेंटर फॉरवर्ड नाही, डावी कड नाही, आणि मुदत संपत आली. बाईंच्या नजरेतला तो डाव्या कडेचा खेळाडू अजून मिळतोय. एक नावाजलेला सेंटर फॉरवर्डही मिळतोय. दोघांतला एकच परवडतो. कुणाला घेऊ? सहायकाला विचारायची इच्छा नाही. तोफेला विचारशील? तो बोलत असेल तर. माझी त्याला फोन करायची हिंमत नाही, आणि तुला तोंड दाखवायची लाज वाटते. तुझ्या पत्रातलं ते नोकरीचं वाक्य खरं आहे. मला तुझ्या नवऱ्यापेक्षा माझी खुर्ची आधी दिसली.

दादा


२१ जुलै

दादा,

नमस्कार. चिंगीने तुमचं पत्र टेबलावर ठेवलं आणि न बोलता दुकानात गेली. उत्तर मी लिहितो आहे. ओळ सुरू करायला कागद सरकवावा लागतो, त्यामुळे अक्षर वरखाली झालंय, सांभाळून घ्या.

आधी कामाचं. नावाजलेला सेंटर फॉरवर्ड घेऊ नका. उंच्याला मध्ये उभा करा. पळायला मंद आहे, पण दिलेली जागा सोडत नाही, आणि तुमच्या आघाडीला वर्षभर तेच हवं होतं. पैसे डाव्या कडेवर घाला. तो नवा खेळाडू आला की त्याला पहिल्या दिवशी सांगा, ही वाट तुझी. आणि बाकीच्यांनाही सांगा. भिंगरीला हे कुणी सांगितलं नाही, कारण मध्ये मी होतो आणि मी घरचा होतो. तुमच्या संघातली डावी बाजू तेवढी नीट करा, गोल होतील.

आता दुसरं. डाव्या रेघेला मला ठेवायचं ते तुमचं पत्र मी वाचलं. खोटं बोलत नाही, वाचून मला आनंद झाला. वाटलं, दादांना मार्ग सापडला, अजून खेळता येईल. उठून उभासुद्धा राहिलो. मग त्याखालची चिंगीच्या पत्राची नक्कल वाचली. तुम्हाला मी रेघेला हवा होतो आणि तिला मी घरी हवा होतो, दोन्ही डोळ्यांसकट जमेल तेवढा. मी वर्षभर तिला शब्दात बांधून ठेवलं, आणि ती एकटी रोज माझ्यासाठी घाबरत होती. तुमच्यावर माझा राग नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीही मला रेघेला ठेवलं असतं. म्हणूनच आधी तुम्हाला सांगायला आलो नाही, भिंगरीकडे गेलो.

चिंगीवर मात्र राग आहे. तिने केलं ते बरोबर होतं हे कळतं, तरी आहे. आठ-दहा वर्षं लोकांनी मला तोफ म्हटलं, तिच्या एका पत्राने ती गप्प झाली. हा राग कसा आणि केव्हा जाईल, मला ठाऊक नाही. रोज सकाळी तिच्याशी बोलायचं ठरवतो आणि ती समोर आली की गच्चीवर निघून जातो.

पहिल्या सामन्याची दोन तिकिटं ठेवा. खेळाडूंच्या रांगेत नको, लोकांत ठेवा. आणि चिंगीची खुर्ची माझ्या डाव्या हाताला असू द्या. बोलणं अजून सुरू झालेलं नाही आमचं, पण त्या बाजूला मला तीच लागते.

तुमचा मेहुणा